जनावराचा स्वभाव वंशातून किती आणि दावणीवर किती?

विदर्भातील गुरांच्या आठवडी बाजारात बैलजोडीचा सौदा ठरत असताना दात, खूर, वशिंड आणि चाल यांच्याइतकीच बारकाईने स्वभावाचीही चौकशी होते. “जोडी लय गरीब हाये भाऊ, लेकराच्या हाती देली तरी चालते,” असे विकणारा सांगतो. घेणारा मात्र तेवढ्यावर न थांबता बैलाच्या पाठीवर थाप मारतो, शेपटीला हात लावून पाहतो, बैल कान कसे करतो आणि डोळा किती फिरवतो हे न्याहाळतो, आणि मग विचारतो की हा कोणाच्या गाईचा गोऱ्हा. रंग आणि शिंगे जशी आईबापांकडून येतात तसा स्वभावही येतो, हे त्याने या प्रश्नात गृहीत धरलेले असते. त्याच बाजारात दुसरा एखादा अनुभवी कास्तकार नेमके उलट सांगतो: बैल जन्मतः मारका नसतो, त्याला मारका करतो तो धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. प्राण्यांच्या वर्तनाच्या आनुवंशिकतेवर गेल्या शंभर वर्षांत जे संशोधन झाले, त्यातून या दोघांचेही म्हणणे अंशतः खरे ठरते. कोणाचे किती खरे, कोणत्या परिस्थितीत खरे, आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे स्वभाव बदलतो तो नेमका कोणत्या वाटेने, हे मात्र सावकाश समजून घ्यावे लागते.

जनुक म्हणजे डीएनएचा असा भाग, ज्याच्या आधारे शरीर बहुधा एखादे प्रथिन तयार करते. मारकेपणाचे एक जनुक, मायेचे दुसरे आणि इमानदारीचे तिसरे, अशी काही विभागणी नसते. जनुकांचा प्रभाव पडतो तो वर्तनाच्या मुळाशी असलेल्या यंत्रणेवर: धोका जाणवताच मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक किती सोडते, मेंदूत सेरोटोनिन हे आक्रमकता आवरणारे रसायन किती राहते, वाढत्या वयात मेंदूचे कोणते भाग केव्हा पक्व होतात, नाक आणि कान किती तीक्ष्ण असतात, यांसारख्या गोष्टींवर. यांतील प्रत्येक गोष्टीमागे अनेक जनुके असतात आणि त्यांतील बहुतेकांचा परिणाम प्रत्येकी अगदी थोडा असतो. म्हणून वंशातून येतो तो एक कल, तयार वर्तन नव्हे. घराचा उंबरठा बुटका असेल तर थोड्या पावसाचे पाणीही आत शिरते आणि उंच असेल तर मोठी सर आली तरी घर कोरडे राहते, तसे काहीसे हे आहे. दोन गोऱ्हे एकाच कोठ्यात वाढले, तरी ट्रॅक्टरच्या एका भोंग्याने एक दावे तोडतो आणि दुसरा केवळ मान वळवून पुन्हा कडबा खाऊ लागतो, कारण दोघांच्या भीतीचा उंबरठा सारखा नसतो. अर्थात पाऊस किती पडतो, म्हणजे जनावराच्या वाट्याला किती भीती, मार आणि गोंधळ येतो, हे जनुके ठरवत नाहीत.

हा उंबरठा केवळ निवडीने बदलता येतो काय, याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग सायबेरियात झाला. नोवोसिबिर्स्क येथील कोशिकाशास्त्र आणि आनुवंशिकी संस्थेत दिमित्री बेल्याएव या शास्त्रज्ञाने 1959 साली लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या रुपेरी खोकडांवर तो सुरू केला, आणि ल्युदमिला त्रूत यांनी पुढे अनेक दशके तो चालवला. फर-केंद्रांवरून सुमारे तीस नर आणि शंभर माद्या आणल्या गेल्या. ही खोकडे पिंजऱ्यात वाढलेली असली तरी माणूस जवळ आला की गुरगुरणारी, चावणारी किंवा कोपऱ्यात दबून बसणारी होती. प्रयोगाचा नियम एकच होता: पिल्ले मोठी होताना ठरावीक पद्धतीने त्यांच्याजवळ हात न्यायचा, ती कशी वागतात हे नोंदवायचे, आणि ज्यांची भीती व आक्रमकता सर्वांत कमी असेल त्यांनाच पुढच्या पिढीचे आईबाप होऊ द्यायचे. नरांपैकी फार तर चार-पाच टक्के आणि माद्यांपैकी सुमारे वीस टक्के इतकीच निवडली जात. रंग, आकार, लोकर यांकडे पाहायचे नव्हते, आणि खोकडांना कोणतेही शिक्षणही द्यायचे नव्हते. त्यांचा माणसाशी संबंध मुद्दाम मोजका ठेवला होता, कारण लळा लावून माणसाळलेले खोकड आणि वंशानेच माणसाळू झालेले खोकड यांत गल्लत होऊ द्यायची नव्हती.

थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारी पिल्ले दिसू लागली. माणसाकडे आपणहून धावणारी, कुईकुई करून लक्ष वेधणारी आणि हात चाटणारी खोकडे दहाव्या पिढीत सुमारे 18 टक्के होती, विसाव्या पिढीत सुमारे 35 टक्के झाली, आणि चाळीस वर्षांनंतर त्यांचे प्रमाण 70 ते 80 टक्क्यांवर गेले. त्यांच्या शरीराची तपासणी केली तेव्हा तणावाच्या संप्रेरकांचे प्रमाण घटलेले आणि मेंदूतील सेरोटोनिन वाढलेले आढळले. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो वेळेचा फरक. साध्या खोकडाच्या पिल्लात अनोळखी गोष्टीची भीती साधारण सहा आठवड्यांच्या वयात जागी होते. माणसाळू वंशात ती नऊ आठवडे किंवा त्याहूनही उशिरा येते, त्यामुळे जगाशी न घाबरता ओळख करून घेण्याचा काळ लांबतो. म्हणजे निवडीने ‘प्रेमळपणा’ नावाची नवी वस्तू घडवली नाही, तर वाढीच्या वेळापत्रकातील एक टप्पा पुढे ढकलला.

हे सारे आईच्या वागण्यावरून पिल्ले शिकत असतील, ही शंका रास्त आहे. ती तपासण्यासाठी 1970 च्या सुमारास उलट दिशेने निवडलेला एक आक्रमक वंशही तयार करण्यात आला, आणि मग माणसाळू मादीचे भ्रूण आक्रमक मादीच्या गर्भाशयात व आक्रमक मादीचे भ्रूण माणसाळू मादीच्या गर्भाशयात ठेवण्यात आले. जन्मलेली पिल्ले वागली ती वाढवणाऱ्या आईसारखी नव्हे, तर मूळ आईबापांसारखी. बाजारात ‘कोणाच्या गाईचा’ असे विचारणाऱ्याच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण आहे. येथे एक खुलासा मात्र हवा. या खोकडांत पुढे लोंबते कान आणि ठिपकेदार रंग दिसू लागले, आणि माणसाळवण्याच्या निवडीबरोबर ही लक्षणे आपोआप येतात असे बरीच वर्षे सांगितले गेले. त्या खोकडांचे पूर्वज कॅनडातील फर-केंद्रांवर आधीच पैदास झालेले होते आणि यांतील काही लक्षणे तेथेच दिसत होती, असे काही संशोधकांनी 2019 साली दाखवून दिले. वर्तनातील बदलाला त्याने धक्का बसत नाही, पण कान आणि रंगाची गोष्ट सांगताना हात आखडता घ्यावा लागतो.

आता ‘किती’ या प्रश्नाकडे वळू. शास्त्रज्ञ यासाठी आनुवंशिक वाटा मोजतात, आणि त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी चुकीचा लावला जातो. शांतपणाचा आनुवंशिक वाटा 30 टक्के आहे याचा अर्थ एखाद्या गाईचा 30 टक्के शांतपणा आईबापांचा आणि उरलेला मालकाचा, असा होत नाही. एका कळपातील जनावरांत शांतपणाबाबत जे फरक दिसतात, त्यांपैकी 30 टक्के फरक त्यांच्यातील आनुवंशिक फरकांशी जोडता येतात, एवढाच त्याचा अर्थ. गुरांच्या स्वभावासाठी निरनिराळ्या अभ्यासांतून मिळणारे आकडे बरेच वेगवेगळे आहेत, कारण कळप बदलला, जात बदलली, मोजण्याची पद्धत बदलली की वाटाही बदलतो. हिशेबापुरता तो 0.3 धरू. कळपाच्या सरासरीपेक्षा दहा गुणांनी शांत असलेले आईबाप निवडले, तर वासरे सरासरीपेक्षा दहा नव्हे, तर साधारण तीन गुणांनी शांत निघतील. फक्त वळूच निवडला आणि गाई जशा आहेत तशाच ठेवल्या, तर वाढ आणखी निम्मी, म्हणजे दीड गुणाची. एका पिढीत हे डोळ्यांना जाणवतही नाही. पण निवड त्याच दिशेने पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली तर फरक साचत जातो.

दुसऱ्या कास्तकाराची बाजूही प्रयोगांतून आली आहे. अमेरिकेतील रॉबर्ट ट्रायॉन यांनी चक्रव्यूहातून वाट काढण्यात कमी चुका करणारे आणि जास्त चुका करणारे उंदीर वेगवेगळे काढून पिढ्यान्‌पिढ्या त्यांची स्वतंत्र पैदास केली, आणि 1940 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत हे दोन वंश एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे झालेले दिसले. 1958 साली कॅनडातील कूपर आणि झुबेक यांनी या दोन्ही वंशांची काही पिल्ले ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढवली आणि काही बोगदे, उतार, आरसे आणि खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात. ओक्याबोक्या पिंजऱ्यातले हुशार वंशाचे उंदीर मंद वंशाइतक्याच चुका करू लागले, आणि भरलेल्या पिंजऱ्यातले मंद वंशाचे उंदीर हुशारांच्या जवळपास पोहोचले. वंशातला फरक दिसला होता तो साध्या पिंजऱ्यात. परिस्थिती दोन्ही टोकांना नेताच तो जवळजवळ नाहीसा झाला. याखेरीज, त्या एका चक्रव्यूहात हुशार ठरलेले उंदीर दुसऱ्या प्रकारच्या कसोट्यांत तितके हुशार ठरलेच असे नाही. निवड ज्या कसोटीवर होते त्या कसोटीपुरतेच फळ हमखास मिळते.

गुरांमध्ये याचे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. अमेरिकेतील ब्राह्मण नावाची गाईची जात गीर, कांकरेज, ओंगोल यांसारख्या भारतीय वशिंडवाल्या गुरांपासून तयार झाली. मोठ्या कुरणांत सोडलेली आणि वर्षातून काही वेळाच माणसाच्या हाताखाली येणारी ही गुरे वशिंड नसलेल्या युरोपीय जातींपेक्षा अधिक बुजरी व बिथरणारी आहेत, असा अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील पशुपालकांचा अनुभव आहे आणि अभ्यासांतही ते दिसले आहे. त्याच ओंगोलच्या नात्यातली मानली जाणारी गवळाऊ जात वर्धा जिल्ह्यात शाळकरी मूल कासरा धरून पाणवठ्यावर नेते. वशिंडवाल्या गुरांत सावधपणा वंशानेच जास्त असतो. पण वासरू जन्मल्यापासून माणसाच्या हाताखाली असेल, रोज त्याच्या अंगावरून हात फिरत असेल आणि गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, ओळखीच्या हाकेवर ते रानातून परत येत असेल, तर तोच सावधपणा माणसाविरुद्ध न वापरता परक्या कुत्र्याविरुद्ध किंवा झुडपातल्या हालचालीविरुद्ध वापरला जातो. ताडोबा किंवा मेळघाटाच्या कडेच्या गावांत तो दोष म्हणता येणार नाही.

येथेच केसांच्या भोवऱ्यांचा विषय काढतो, कारण तो निघाल्यावाचून राहत नाही. बैल घेताना कपाळावरचे आणि अंगावरचे भोवरे पाहण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि अमुक ठिकाणचा भोवरा घराला बाधतो यांसारख्या समजुतींना काहीही आधार नाही. मात्र पशुवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली अमेरिकेत दीड हजारांच्या आसपास गुरे तपासली, तेव्हा ज्यांच्या कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर होता ती गुरे शिकंजात धरल्यावर अधिक धडपड करताना आढळली. केसांची ठेवण आणि मज्जासंस्था ही दोन्ही गर्भातील एकाच थरापासून घडतात, त्यामुळे असा संबंध असणे अशक्य नाही. तो सरासरीचा आणि सौम्य संबंध आहे. त्यावरून एखाद्या बैलाची किंमत पाडणाऱ्या दलालाला विज्ञानाचा आधार मिळाला असे समजू नये.

खोकडांच्या प्रयोगात काय निवडायचे हे आधी ठरलेले होते. शेतकऱ्याच्या घरी जी निवड होत आली ती बहुतेक वेळा नकळत झाली, आणि डार्विनने तिला तसेच नाव देऊन तिची स्वतंत्र दखल घेतली होती. पान्हा सोडण्याचेच पाहा. आपल्या देशी गाईला वासरू लावल्याशिवाय ती सहसा पान्हा सोडत नाही. वासराचा वास, त्याचे ढुशा देणे आणि चोखणे यांमुळे तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते आणि मग दूध सडांत उतरते. वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याचा उपाय म्हणूनच करावा लागे. होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सी गाय मात्र वासरू नसतानाही यंत्राला दूध देते. युरोपात वासरू जन्मताच वेगळे करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा वासरावाचून दूध अडवणाऱ्या गाई कमी दुधाच्या ठरून कळपातून निघत गेल्या, आणि न अडवणाऱ्यांच्या कालवडी मागे राहिल्या. वासराची ओढ कमी असलेली गाय हवी, असे त्यासाठी कोणी ठरवावे लागले नाही. आपल्याकडे आधी वासरू सोडायचे आणि मग धार काढायची ही रीत टिकली, त्यामुळे त्या गुणावर निवडीचा दाबच पडला नाही.

खुडूक कोंबडीची गोष्ट याच्याही पुढची आहे. गावरान कोंबडी काही अंडी घालते आणि मग खुडूक होते: खाणेपिणे कमी करून अंड्यांवर बसते, कोणी हात घातला तर टोचते, आणि 21 दिवस तिचे सारे लक्ष उबवण्यावर असते. यामागे मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन असते, आणि ते वाढले की अंडी घालणे थांबते. अंडी विकणाऱ्याच्या हिशेबात खुडूक कोंबडी म्हणजे बंद पडलेले उत्पन्न. उबवणी यंत्रे आल्यावर पिल्लांसाठी कोंबडीच्या मायेची गरजच उरली नाही, आणि जास्तीत जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीत खुडूक होणे जवळजवळ नाहीसे झाले. व्यापारी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण आपले एकही पिल्लू स्वतः वाढवत नाही. उबवणी यंत्र नसलेल्या घरात ती आणली तर वंश पुढे नेण्यासाठी शेजारची गावरान कोंबडीच बसवावी लागते, आणि आपल्या बायाबापड्यांना हे पशुसंवर्धनाच्या पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे.

अंड्यांच्या या निवडीतून आणखी एक अडचण उघड झाली. एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या ठेवल्या आणि त्यांतली सर्वाधिक अंडी देणारी पुढच्या पिढीसाठी घेतली, तर ती बहुधा इतरांना टोचून दाणा आणि जागा बळकावणारी असते, त्यामुळे पिढीगणिक टोचाटोची वाढू शकते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी एकेक कोंबडी न निवडता चांगले उत्पादन देणारे अख्खे पिंजरेच निवडले. त्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, चोची न छाटलेल्या या कोंबड्यांतील वार्षिक मरतुक दोन-तीन पिढ्यांतच 68 टक्क्यांवरून 9 टक्क्यांच्या आसपास आली, आणि अंड्यांचे उत्पादनही वाढले. प्रत्येक कोंबडीची अंडी मोजली की भांडखोर निवडली जाते आणि पिंजऱ्याची मोजली की मिळूनमिसळून राहणारी, इतका फरक केवळ मोजण्याच्या पद्धतीने पडतो.

निवड झालेला आणि न झालेला जीव शेजारीशेजारी पाहायचा असेल, तर त्यासाठी पूर्व विदर्भासारखी जागा नाही. तुतीच्या पानांवर वाढणारा रेशीमकिडा चीनमध्ये हजारो वर्षांपासून घरात पाळला जात आहे. त्याच्या अळ्या उघड्या तबकात पानांची वाट पाहत पडून राहतात, काठ ओलांडून पळून जात नाहीत, आणि त्याच्या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही. पळणारी अळी आणि उडून जाणारा पतंग यांची अंडी पाळणाऱ्याच्या हाती लागतच नव्हती, त्यामुळे मागे राहिले ते बसून राहणारे. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर भागांतील ऐन व अर्जुनाच्या झाडांवरचा कोसा ज्या टसर अळीपासून मिळतो, ती मात्र अजून रानातलीच आहे. ती उघड्यावर झाडावर वाढते, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर न्यावी लागते, आणि पक्षी व मुंग्यांपासून तिचे रक्षण करण्यासाठी धिवर समाजातील कीटकपालकांना दिवसभर झाडांखाली राखण करावी लागते. तिचा पतंग उत्तम उडतो. कोसा महाग का, याचे अर्धे उत्तर या अळीच्या न बदललेल्या वर्तनात आहे.

जात आणि स्वभाव यांचे नाते मात्र जाहिरातीत दिसते तितके घट्ट नसते, आणि कुत्र्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आता तालुक्याच्या गावांतही नावाजलेल्या जातींची पिल्ले मोठ्या किमतीला विकली जातात. अमेरिकेत 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली गेली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे डीएनए तपासले गेले. एका कुत्र्याचे वर्तन दुसऱ्यापेक्षा वेगळे का, यातील सरासरी केवळ 9 टक्के भाग जातीवरून सांगता आला. सांगितलेले ऐकण्याची वृत्ती जातीशी त्यातल्या त्यात अधिक जुळली. वर्तनात आनुवंशिकतेचा वाटा चांगला असूनही जातीचा वाटा लहान निघाला, कारण एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही जनुकांचे पुष्कळ वैविध्य शिल्लक असते. पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचे असताना त्याला माणसे, मुले, शेळ्या-मेंढ्या यांचा सहवास मिळाला की नाही, यावर पुढचे बरेच ठरते. मेंढरांच्या राखणीचा कुत्राही लहानपणीच मेंढरांत वाढवावा लागतो; केवळ वंशाच्या भरवशावर तो राखण करत नाही.

हे सारे ध्यानात घेऊन आपल्या गावातील गुरांकडे पाहिले, की एक विसंगती ठळकपणे दिसते. विदर्भातील शेतकरी ज्या जनावराच्या स्वभावाची सर्वांत बारकाईने पारख करतो तो बैल, आणि बैल खच्ची केलेला असतो. वखरावर न बिचकणारा, हाकेसरशी वळणारा, मालक शेजारी झोपला तरी पाय जपून टाकणारा गोऱ्हा ओळखला जातो आणि ओळखला गेला म्हणूनच चिमट्याखाली जातो. त्याच्या गुणांचे कौतुक पोळ्याला होते. त्याचे वंशज मात्र खच्चीकरणाआधी काही झाले असतील तेवढेच. गाई फळतात त्या आखरावर किंवा रानात मोकाट फिरणाऱ्या वळूकडून, नाहीतर अजून खच्ची न झालेल्या एखाद्या गोऱ्ह्याकडून, ज्याला कोणी त्या कामासाठी निवडलेले नसते. निवडीचा अर्थ कोण आवडला असा नसून कोणाची वासरे मागे राहिली असा असतो, आणि या कसोटीवर आपण बैलांच्या बाबतीत नेमक्या हव्या त्या गुणांना पुढच्या पिढीपासून दूर ठेवत आलो आहोत. त्याच्या उलट, मारक्या गाईला लवकर बाजार दाखवला जातो, त्यामुळे माद्यांच्या बाजूने थोडी निवड होत राहते, आणि सारे बिघडत नाही ते बहुधा त्यामुळेच.

बैलाचा शांतपणा सगळाच वंशाचा नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. वृषणे निकामी झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक घटते आणि त्याबरोबर झुंजण्याची प्रवृत्तीही कमी होते, म्हणून खच्ची बैल आणि त्याचा खच्ची न केलेला भाऊ यांची तुलना करून वंशाविषयी काही ठरवता येत नाही.

गवळाऊचा इतिहास हे दाखवतो की निवडीचा हेतू बदलला की वंशाचा कलही बदलावा लागतो. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा हा तिचा मुख्य टापू, आणि लगतच्या नागपूर जिल्ह्यात व सातपुड्याच्या मध्य प्रदेशातील भागातही ती आढळते. पांढरी, सडपातळ, लांब पायांची ही जात मराठ्यांच्या काळात वेगवान मालवाहतुकीसाठी वाढवली गेली असे सांगितले जाते, आणि दमणीला, म्हणजे हलक्या सवारी गाडीला, जुंपलेली गवळाऊ जोडी दौडीसाठी नावाजलेली होती. दौडणाऱ्या बैलाला इशारा मिळताच उसळावे लागते, म्हणजे त्याचा उत्तेजनाचा उंबरठा खाली असावा लागतो. दिवसभर डवरणी करणाऱ्या बैलाचा तो वर असलेला बरा. एकाच वंशात दोन्ही गुण टोकाला नेणे अवघड असते. शंकरपटाचेही असेच आहे. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पटावर धावणाऱ्या जोड्यांना आता पुन्हा मोठी किंमत येते, आणि किंमत जिकडे जाते तिकडे निवडही जाते. शेतीकामाच्या जागी ट्रॅक्टर आलेला असताना पुढच्या काही पिढ्यांत चपळ आणि तापट बैलांचा वंश शांत बैलांच्या वंशापेक्षा अधिक जपला गेला, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

शांत आणि दुधाळ गाय हवी असणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. खोकडाची पिढी वर्षभराची असते, म्हणून बेल्याएवला आपल्या हयातीत निकाल पाहता आले. देशी कालवड पहिल्यांदा वितेपर्यंत साडेतीन-चार वर्षे सहज जातात, आणि सहा पिढ्यांना तीस वर्षांच्या आसपास लागतात. म्हणून एका कोठ्यापुरती निवड करून फार काही साधत नाही. गावाने किंवा पाच-सहा गावांनी मिळून एक-दोन वळू ठरवले, त्यांच्याखेरीज बाकीचे नर वेळेत खच्ची केले, आणि वळूचा स्वतःच्याच मुलींशी संयोग होऊ नये म्हणून दर तीनेक वर्षांनी वळू बदलला, तर निवडीला दिशा मिळते. वळूची पारख त्याच्या स्वतःच्या वागण्यावरून करू नये, कारण बांधून ठेवलेला, खच्ची न केलेला नर कोणत्याही वंशाचा असला तरी तापटच दिसतो. त्याची आई धार काढताना कशी उभी राहत होती आणि त्याच्या बहिणी पहिल्या वेताला कशा वागल्या, हे विचारावे. सर्वांत खात्रीचा पुरावा त्याच्या मुलींचा असतो: लाथ मारते का, परक्या हाताला दूध देते का, विल्यावर पहिले काही दिवस वासराजवळ माणसाला येऊ देते का, हे एक ते पाच गुणांत वहीत लिहून ठेवले आणि एकाच वळूच्या पंधरा-वीस मुलींची सरासरी काढली, तर धुरकऱ्याच्या आणि कोठ्याच्या फरकांचा प्रभाव बराच पुसला जातो आणि वंशाचा भाग दिसू लागतो.

अडचण अशी की या मुली दुधात येईपर्यंत वळू आणल्यापासून चार-पाच वर्षे उलटलेली असतात, आणि गावातला वळू तोवर बहुधा विकला गेलेला असतो. कृत्रिम रेतनाचा या बाबतीतला उपयोग दुधाच्या आकड्यांत झाकला गेला आहे: उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या रेतमात्रा वळू मेल्यानंतरही चालतात, त्यामुळे मुलींच्या नोंदी हाती आल्यावर मागे जाऊन त्याच वळूची निवड करता येते. गाय माजावर आल्यावर पशुवैद्यकाला ‘जर्सीचे आहे की गीरचे’ एवढेच विचारले जाते. वळूचा क्रमांक रेतमात्रेच्या कांडीवरच छापलेला असतो, आणि तो गाईच्या कानातील बिल्ल्याच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवायला वहीची एक ओळ पुरते.